एकोणीस दिवसांत आलेलं पाणी

पहिली गोळी आली ती मंगळवारी सकाळी साडेनऊला, लख्ख उन्हात. चारुता देवपुजारी हॅकेटच्या रँचच्या फाटकापाशी पिकअप थांबवून साखळी सोडायला उतरली होती. कानाजवळून काहीतरी सणकन गेलं आणि मागे काच तडकली. ती वळली. पिकअपच्या समोरच्या काचेला, ड्रायव्हरच्या बाजूला, बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. सीटच्या डोकं टेकायच्या जागेतून पिवळा स्पंज बाहेर लोंबत होता. बंदुकीचा आवाज तिला त्यानंतर ऐकू आला, टेकडीपलीकडून, कुणी दूरवर फळी आपटावी तसा.

ती चाकाआड मातीत आडवी झाली. वीस मिनिटं तशीच पडून राहिली. दुसरी गोळी आली नाही. मग उठली, गुडघे झटकले, फाटक उघडलं, आत जाऊन विहिरीत टेप सोडली, पाण्याची पातळी वहीत लिहिली आणि मग शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसला फोन लावला.

"आधी पातळी मोजलीत? मग फोन?" आलेल्या पोलिसानं, शेरीफच्या डेप्युटीनं, विचारलं.

"आलेच होते, तर मोजून घेतली," चारुता म्हणाली.  घरी गेल्यावर तिनं चहाचं आधण ठेवलं.

चारुता मूळची नागपूरची. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करून ती दोन वर्षं राज्याच्या भूजल सर्वेक्षणात होती. काटोल-वरूडच्या संत्र्यांच्या पट्ट्यात जीपनं फिरायचं आणि शेतकऱ्यांच्या विहिरींची पातळी मोजायची हे काम. लग्न झालं तशी ती निहारबरोबर अमेरिकेला, बॉथेलला आली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली म्हणून सहा वर्षं नोकरी करायची सोय नव्हती. मुलगी नेत्रा अकरा वर्षांची असताना निहार आणि ती वेगळे झाले, भांड्याला भांडं न लागता. मग राज्य सरकारच्या भूजल खात्यात तंत्रज्ञाची जागा निघाली. जागा राज्याच्या पूर्व टोकाला, टॉलिव्हर काउंटी नावाच्या जिल्ह्यात, बॉथेलपासून गाडीनं चार तासांवर. कुणी अर्जच करत नव्हतं. चारुतानं केला.

"अगं, विहिरी मोजायला अमेरिकेत कशाला यायचं होतं?" बॉथेलच्या रेखाकाकू निरोपाच्या जेवणाला म्हणाल्या होत्या. सगळे हसले, चारुताही हसली. पण डोंगर ओलांडून ती कोरडी, काळी जमीन पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला हसू आलं नाही, भरून आलं. लाव्ह्याचे थरावर थर, उभे कडे, मध्ये लालसर पट्टे. आपल्याकडचाच काळा पाषाण, नुसता पत्ता बदललेला. नागपूरचे तिचे सर सांगायचे, "कातळ पाणी अडवतो, असं लोकांना वाटतं. दोन थरांच्या मधली भुसभुशीत पट्टी बघा. पाणी तिथून चोरासारखं पळतं."

बारा वर्षांत टॉलिव्हर काउंटीतल्या बासष्ट विहिरींशी आणि त्यांच्या मालकांशी तिची ओळख झाली. रॉय आणि डोना हॅकेट त्यातले. डोना तिला कधी रिकाम्या पोटी जाऊ द्यायची नाही. त्यांचा मुलगा कोडी, वय एकतीस, बटाट्याच्या कारखान्यात फोरमन होता. कारखाना बंद पडला आणि तो दोन वर्षं घरी बसला. एका जानेवारीत चारुताची पिकअप बर्फात रुतली तेव्हा यानंच ट्रॅक्टर आणून ओढून काढली होती आणि आभार मानायलासुद्धा थांबला नव्हता.

काउंटीच्या उत्तरेला कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे रिझर्व्हेशन, म्हणजे तिथल्या मूळच्या जमातीची स्वतःची जमीन. तिथं त्यांचं स्वतःचं सरकार, स्वतःचे पोलीस, स्वतःचं पाणी खातं. पाणी खातं म्हणजे एल्विन जिम. साठी उलटलेला, रुंद खांद्यांचा माणूस. तरुणपणी आखाती युद्धात होता. डाव्या हाताची दोन बोटं घोड्याच्या दोरात गेलेली. पाणी कुंपण मानत नाही म्हणून दोघांनी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं, मोजणी एकाच दिवशी करायची, तिनं अलीकडे, त्यानं पलीकडे, आणि दुपारी कुंपणाच्या तारेवरून कागद बदलायचे. तिच्या डब्यातलं लिंबाचं लोणचं त्याला फार आवडायचं. तो ते सुक्या माशाबरोबर खायचा. चारुता तोंड फिरवायची.

अशी ही सुरळीत चाललेली गाडी. तिला खीळ बसली ती केंद्र सरकारच्या एका पत्रानं.

देशभरच्या अणुभट्ट्यांतलं जळून गेलेलं इंधन वर्षानुवर्षं तिथंच पडून होतं. ते खोल पाषाणात कायमचं पुरायला जागा हवी होती. या वेळी जागा कुणावर लादायची नाही, असं ठरलं होतं. जो तयार असेल त्यानं हात वर करायचा, मग राज्य, काउंटी आणि जमात या तिघांनी मिळून जागा तपासायची. तिघांची संमती असेल तर पुढे जायचं, एकानं नाही म्हटलं तर विषय संपला. टॉलिव्हर काउंटीनं हात वर केला. कारखाना गेलेला, दवाखाना बंद व्हायच्या बेतात, शाळेत चौथीचा वर्ग पाचवीत मिसळलेला. त्यांचंही चूक म्हणता येत नव्हतं. जागा निघाली कुंपणापासून दोन मैलांवर, सपाट माळावर.

नऊ जणांची समिती बसली. तिघे राज्याचे, तिघे काउंटीचे, तिघे जमातीचे. केंद्रानं नेमलेल्या कंत्राटदार कंपनीनं चकचकीत अहवाल मांडला, की या कातळातलं पाणी जमातीच्या झऱ्यापर्यंत पोचायला चार हजार वर्षं लागतील. जमातीच्या बाजूनं लोरेन पीट उठली. ती तिथल्या शाळेची मुख्याध्यापिका, पन्नाशीची, आवाज कधी न चढवणारी.

"आमच्या आजोबांना कुणी विचारायला आलं नव्हतं," ती म्हणाली. "आम्हाला विचारताय, ठीक आहे. पण उत्तर आम्ही दुसऱ्याचा कागद वाचून देणार नाही. आमच्या हातानं मोजून देऊ."

राज्याच्या माणसांनाही ते पटलं. मोजायचं काम साहजिकच दोघांवर आलं, राज्याकडून चारुता आणि जमातीकडून एल्विन.

फेब्रुवारीच्या विसाव्या दिवशी त्यांनी माळावरच्या बोअरमध्ये हिरवा रंग ओतला. पाण्यात मिसळला की डोळ्यांना दिसत नाही, पण कोळशाला चिकटतो आणि प्रयोगशाळेत ओळखू येतो, अशा जातीचा. मग आसपासच्या नऊ झऱ्यांत जाळीच्या छोट्या पुड्यांत कोळसा भरून बांधला आणि रोज बदलला. सगळ्यात मोठ्या झऱ्याला जमातीच्या भाषेत एक नाव होतं. एल्विननं ते तिला कितीदा तरी म्हणून दाखवलं, पण तिच्या जिभेला कधी वळलं नाही. ती त्याला वरचा झरा म्हणायची. रिझर्व्हेशनमधली निम्मी घरं त्याच्यावर प्यायची.

एकोणिसाव्या दिवशीच्या पुडीत रंग सापडला. चार हजार वर्षांचं पाणी एकोणीस दिवसांत आलं होतं.

समितीनं नियमाप्रमाणे निकाल गुप्त ठेवला, आणि नियमाप्रमाणे तो दोन दिवसांत फुटला. गावातल्या पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर, फेसबुकवर एकच बोलणं. दोन माणसांनी कसलीतरी पावडर टाकून गावाच्या तोंडचा घास काढला. त्यानंतरच्या मंगळवारी ती गोळी आली.

"आई, आर यू सीरियस? तू अजून तिथेच आहेस?" नेत्रानं ॲन आर्बरहून फोन केला. ती तिथं पीएच.डी. करत होती. "गाडी काढ आणि इकडे ये. आजच्या आज."

"दुसरी टेस्ट लावायची आहे गं. एकदा आलेलं कुणी मानत नाही, दोनदा यावं लागतं."

"लेट समवन एल्स डू इट ना!"

"दुसरं कोण आहे?" चारुता म्हणाली. नेत्रानं फोन आपटला. मग पाच मिनिटांनी पुन्हा केला आणि नुसती रडली.

समितीनं दुसऱ्या चाचणीला हिरवा कंदील दिला. तिचा रंग ओतला त्याच्या तिसऱ्या सकाळी एल्विनचा फोन आला. एवढंच म्हणाला, "कुंपणाशी ये."

त्याचे चार घोडे कुंपणाला लागून पडले होते. कुणीतरी रस्त्यावरून, गाडीतूनच, निवांत नेम धरून मारले होते. तीन गेलेले. चौथी, तांबडी घोडी, पोटात दोन गोळ्या घेऊन अजून मान उचलत होती. तिच्या तोंडाला फेस होता आणि मागचे पाय चिखल उकरत होते. एल्विन रायफल घेऊन उभा होता. त्याचा उजवा हात स्थिर होता, पण तीन बोटांच्या डाव्या हातात नळी ठरत नव्हती.

"डोकं धर," तो म्हणाला.

चारुता चिखलात बसली. घोडीचं जड डोकं तिनं मांडीवर घेतलं, एका हातानं डोळा झाकला. एल्विननं कानामागे नळी टेकवली. आवाजानं तिचे कान तासभर बंद राहिले. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. तिनं ती धुवायचा प्रयत्नही केला नाही, फेकून दिली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा भीती वाटायची थांबली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. ते काय आहे हे तिला ओळखता येत नव्हतं. शांत, जड, पोटात दगडासारखं.

एप्रिलच्या दोन तारखेला, संध्याकाळी सहा वाजता, शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये जाहीर सभा होती. पाचशे माणूस. एका बाजूला गाव, एका बाजूला जमात, मध्ये बास्केटबॉलच्या मैदानाची पांढरी रेघ. चारुतानं कधी पन्नास माणसांपुढे भाषण केलं नव्हतं. ती माइकशी गेली आणि सांगितलं, किती रंग ओतला, कुठे ओतला, कितव्या दिवशी आला. बस्स.

"तू इथली नाहीस!" मागून एक आवाज आला. "परत जा!"

"दोन्हीकडचे इंडियन एक झालेत रे!" दुसरा ओरडला. तिथल्या मूळच्या जमातींनाही इंडियनच म्हणतात. हशा पिकला. एल्विनही हसला, मनापासून, आणि त्याच्या हसण्यानं उलट आग लागली. कुणीतरी लोखंडी खुर्ची उचलून भिरकावली. ती लोरेनच्या कपाळावर लागली. ती पडली नाही. हातानं कपाळ दाबून उभी राहिली आणि बोटांमधून रक्त ओघळून तिच्या पांढऱ्या ब्लाउजवर उतरलं. मग पांढरी रेघ राहिलीच नाही. माणसं माणसांवर तुटून पडली. चारुतानं पाहिलं, जिच्या मुलाचं लग्न त्याच हॉलमध्ये झालं होतं ती बाई एका म्हाताऱ्याच्या केसांना धरून ओढत होती. कुणाचा तरी दात लाकडी फरशीवर उडत गेला. डेप्युटींनी मिरचीचा फवारा मारला तेव्हा सगळे सारखेच आंधळे होऊन, खोकत, एकमेकांच्या खांद्यांना धरून बाहेर पडले.

लोरेनला अकरा टाके पडले. पार्किंगमध्ये रुमाल डोळ्यांवर धरून ती चारुताला म्हणाली, "आमच्यातही सगळे नाही म्हणत नाहीत, माहीत आहे ना? माझ्या सख्ख्या भावाला ती जागा हवी आहे. त्याला नोकरी नाही. म्हणून मोजणं चोख पाहिजे. एक धागा सुटला तर दोन्हीकडचे लोक आपल्याला फाडून खातील."

मोजणं चोखच चाललं होतं. प्रत्येक पुडी वेगळ्या पाकिटात, पाकिटावर दोन सह्या, एक राज्याची, एक जमातीची, आणि कुलूपबंद पेटी. दोन्ही सह्या नसलेलं काही पेटीत जायचं नाही.

दुसऱ्या चाचणीचा एकोणिसावा दिवस गुरुवारी आला. दुपारचे बारा. वरचा झरा एका घळीत आहे. वरून एकच कच्चा रस्ता उतरतो आणि काळ्या कड्यापाशी संपतो. जमातीचा पोलीस सकाळपासून वर थांबला होता, पण साडेअकराला त्याला महामार्गावरच्या अपघाताला बोलावून घेतलं. अपघात नव्हताच, हे नंतर कळलं.

एल्विननं पाण्यात वाकून पुडी काढली, चारुतानं पाकीट धरलं. दोघांनी सह्या केल्या. पेटीला कुलूप लावेपर्यंत वरून गाडी उतरल्याचा आवाज आला. निळा ट्रक. तिघे उतरले. एक कोडी हॅकेट. एक लाल दाढीचा आडदांड माणूस, ट्रॅव्हिस नावाचा; हे नाव तिला पुढे कोर्टात कळलं. तिसरा गाडीशीच उभा राहिला. ट्रॅव्हिसच्या हातात कुंपणाचा लोखंडी खांब होता, पाच फुटी.

"पेटी द्या आणि जा," ट्रॅव्हिस म्हणाला. "कुणाला काही करायचं नाही."

"ही जमातीची जमीन आहे," एल्विन म्हणाला. "तुम्ही न विचारता आत आलाय. वळा."

"मिसेस देव," कोडी तिच्याकडे बघत म्हणाला. पूर्ण आडनाव त्याला कधी जमलं नव्हतं. "प्लीज. देऊन टाका. कोळसा तर आहे."

"कोडी, तुझी आई त्याच पट्टीतलं पाणी पिते," चारुता म्हणाली.

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात एल्विन पेटी उचलायला वाकला आणि ट्रॅव्हिसनं खांब फिरवला. तो एल्विनच्या जबड्यावर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. एल्विन गुडघ्यावर आला. तोंडातून रक्त आणि दात झऱ्यात पडले, पाणी गुलाबी होऊन खाली वाहू लागलं. त्यानं पेटीवर हात टाकला आणि तिच्यावर ओणवा झाला. दुसरा फटका पाठीवर. एल्विन पेटी सोडेना.

चारुता पळाली. पळाली ती पिकअपकडे. पुढे कित्येकांनी तिला विचारलं, मनात काय होतं. मनात काही नव्हतं. पोटातला तो दगड होता, आणि किल्ली गाडीलाच लागलेली होती. तिनं गाडी सुरू केली. समोर वीस पावलांवर ट्रॅव्हिसनं तिसऱ्यांदा खांब डोक्यावर उचलला होता. कोडी त्याला भिडला होता, दोघांचे हात एकमेकांत गुंतले होते आणि झोंबाझोंबीत दोघे एल्विनपासून दोन पावलं कड्याकडे सरकले होते. तिनं पाय दाबला.

ट्रॅव्हिस उडी मारून बाजूला पडला. कोडी नुसता वळला, त्याला वेळ मिळाला नाही. गाडीनं त्याला कमरेखाली धरून मागच्या कड्यावर चेपलं. धक्क्यानं चारुताचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. डोळे उघडले तेव्हा काचेपलीकडे, दोन हातांवर, कोडीचा चेहरा होता. तो ओरडत नव्हता. आश्चर्यानं तिच्याकडे बघत होता.

तिनं गाडी मागे घेतली. तो घसरून खाली बसला. उजवा पाय गुडघ्याखाली पाय राहिला नव्हता. त्यात हाड होतं, कापड होतं आणि सगळीकडे रक्त. मग तो ओरडू लागला. गाडीशी उभा असलेला तिसरा माणूस निळा ट्रक घेऊन पळाला, तो पुढे कधी सापडला नाही. ट्रॅव्हिस खांब टाकून घळीतून वर पळत सुटला. तो संध्याकाळी सापडला.

चारुतानं सामान बांधायचा पट्टा काढला, कोडीच्या मांडीला दोन वेढे दिले आणि पाना घालून पिळला. तो तिच्या दंडाला चावला. तिनं पिळणं थांबवलं नाही. रक्त थांबलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "मी त्याला धरत होतो. मिसेस देव, मी त्याला धरत होतो."

ती तशीच उठून एल्विनकडे गेली. तो पेटीवर पालथाच होता. श्वासाबरोबर रक्ताचे बुडबुडे येत होते. तिनं त्याला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं. त्यानं बोटानं पेटीकडे खूण केली. कुलूप शाबूत होतं.

हेलिकॉप्टर यायला चाळीस मिनिटं लागली. एल्विन नऊ दिवस जगला, पण बोलला नाही. कोडीचा पाय गुडघ्याखालून कापला.

पेटी लोरेननं स्वतः, जमातीचे दोन पोलीस बरोबर घेऊन, राज्याच्या प्रयोगशाळेत पोचवली. पाकिटांवर रक्ताचे डाग होते, पण सह्या वाचता येत होत्या. रंग एकोणिसाव्या दिवशीच आला होता, अगदी पहिल्यासारखा. मे महिन्यात समितीनं मत दिलं. जमातीचे तिघेही नाही म्हणाले. लोरेनचा भाऊ समितीत नव्हता, पण त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं, ते आजतागायत. राज्याचे तिघे नाही म्हणाले. काउंटीचे दोन हो, एक नाही. केंद्रानं टॉलिव्हर काउंटीचं नाव यादीतून काढलं. त्याच शरद ऋतूत दवाखाना बंद झाला. आता प्रसूतीसाठी बायकांना ऐंशी मैल जावं लागतं.

चारुतावर गुन्हा दाखल झाला नाही. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी केलेलं कृत्य, असं सरकारी वकिलानं लिहिलं. ट्रॅव्हिसवर खुनाचा खटला उभा राहिला. घोडे आणि पहिली गोळी कुणाची, हे कधीच सिद्ध झालं नाही. कोडीवरही खटला होता, खुनात साथ दिल्याचा. व्हीलचेअरवर बसून तो वकिलांना एकच सांगत होता, की मी ट्रॅव्हिसला अडवत होतो. त्याला साक्षीदार एकच होती, आणि तिनंच त्याला चिरडलं होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी तिच्या खात्याच्या वकिलानं तिला समजावलं, "तुम्हाला नीट दिसलं नाही, एवढंच म्हणा. धूळ होती, घाई होती. त्यात खोटं काही नाही. नाहीतर हॅकेट उद्या तुमच्यावर दावा लावतील."

नेत्रा आली होती, ती शेजारीच बसली होती. "आई, ही इज राइट. तुला काय दिसलं असणार एवढ्या वेळात?"

 आयुष्यभर चारुतानं एकच काम केलं होतं, विहिरीत टेप सोडायची आणि ओली खूण जिथं दिसेल तो आकडा लिहायचा. आवडो, न आवडो.

दुसऱ्या दिवशी कोडीच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही गाडी सुरू केलीत तेव्हा माझे अशील काय करत होते?"

"ते ट्रॅव्हिसला मागे ओढत होते," चारुता म्हणाली.

"तुम्हाला तसं वाटतं?"

"मला दिसलं. कोडीची पाठ माझ्याकडे होती. तो दोन्ही हातांनी खांब धरून मागे खेचत होता. मला कळलं होतं." तिनं कोडीकडे पाहिलं. "ब्रेक दाबायला वेळ होता. थोडा होता, पण होता. मी दाबला नाही. मला वाटलं, हा थांबवू शकणार नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला कोणालाच सोडायचं नव्हतं."

 नेत्रानं तोंडावर हात घेतला. कोडी खाली बघत होता.

खुनात साथ दिल्याच्या आरोपातून कोडी सुटला. बेकायदा घुसल्याची आणि पेटी हिसकावायला आल्याची त्याला शिक्षा झाली, ती थोडी. ट्रॅव्हिस बावीस वर्षं आत गेला. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात डोना हॅकेट चारुतासमोर येऊन उभी राहिली. कोर्टासाठी नीट इस्त्री केलेला फुलाफुलांचा ड्रेस तिच्या अंगावर होता. तिनं चारुताच्या थोबाडीत मारली. एकदा, मग उलट्या हातानं पुन्हा. अंगठीनं ओठ फाटला. नेत्रा मध्ये पडायला धावली, चारुतानं तिला हातानं मागे सारलं.

"तू खरं बोललीस म्हणून तो सुटला," डोना म्हणाली. "आणि तू खरं बोललीस म्हणून मला कळलं, की तू मुद्दाम केलंस. आता मी तुझं काय करू?"

 डोना उत्तरासाठी थांबली नाही. ती मुलाची खुर्ची ढकलत उताराकडे गेली. उतार जरा तीव्र होता. एका डेप्युटीनं पुढून हात लावला.

खात्यानं चारुताला आधी रजेवर पाठवलं, मग तिच्याकडून राजीनामा घेतला. हिवाळाभर ती नेत्राकडे ॲन आर्बरला राहिली. बर्फ साफ करायची, लेकीला पोळ्या करून द्यायची, बसनं लायब्ररीत जायची. रात्रीचं झोपेत दात खायची. नेत्रानं तिला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, थोडं बरं वाटलं. मार्चमध्ये लोरेनचा फोन आला.

"एल्विनच्या जागेवर माणूस पाहिजे," ती म्हणाली. "काही जणांना तू नको आहेस. म्हणतात, तुझ्यामुळे इथं रक्त सांडलं. काहींना तूच हवी आहेस, तेही त्याच कारणासाठी. मला दोन्ही कारणं पसंत नाहीत. मला फक्त मोजायला येणारं माणूस पाहिजे."

चारुतानं आठवडाभर विचार केला आणि गेली. आता ती रिझर्व्हेशनच्या कडेला, एका छोट्या घरात राहते. कुंपणापलीकडच्या हॅकेटच्या विहिरीवर राज्याचा नवा माणूस येतो. कोडी कृत्रिम पायावर चालतो, त्यानं शेजारच्या काउंटीत काम धरलंय असं तिनं ऐकलंय. रस्त्यात एकदा त्याची गाडी समोरून आली. दोघांनीही वेग कमी केला नाही.

जागेचा शोध थांबलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका राज्यातून चार माणसं तिला भेटायला आली होती. दोघे राज्याचे, दोघे तिथल्या जमातीचे. त्यांच्याकडेही माळ आहे, कातळ आहे, बंद पडलेला कारखाना आहे. चारुतानं त्यांना पोहे खायला घातले आणि दिवसभर सगळं शिकवलं, पुड्या कशा शिवायच्या, कुठल्या पाण्यात किती दिवस ठेवायच्या, पाकिटावर सह्या कुणाच्या घ्यायच्या. एकानं विचारलं, "लोक चिडले तर?"

"चिडतील," ती म्हणाली, आणि त्यांना वरच्या झऱ्यावर घेऊन गेली.